काळ्या साडीचा रंग

मी उस्तादांच्या दुकानाची काच फोडली तेव्हा ते जेवत होते. परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दुपारी दीड वाजता ते दुकानातच, भिंतीकडं तोंड करून भाकरी खायचे. गिऱ्हाईक आलं तरी वळायचे नाहीत. काच फुटल्याचा आवाज झाला, तरी वळले नाहीत. तोंडातला घास संपवला, तांब्यातलं पाणी प्यायले, मग उठून माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"काच फोडायची तर दगडानं फोडावी. हातानं काय फोडतो? दाखव हात."

मनगटावरून रक्त गळत होतं. मी हात दाखवला नाही. शोकेसमधला तो मोठा फोटो ओढून काढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. ह्या फोटोपायी माझ्या बहिणीचं घर मोडलं, असं ओरडून सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली होती. मला वाटलं होतं, हा माणूस निदान दोन शब्द नरमाईनं बोलेल. त्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "फोटो खरा आहे. मी माझ्या पदरचं त्यात काही घालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात कामाला जाताना पाहिलं, तर शोकेसला नवी काच बसली होती, आणि काचेमागं तोच फोटो पुन्हा लावलेला होता.

दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. परतुरात डिजिटल कॅमेरा तेव्हा नवा होता आणि उस्तादांनी तो सगळ्यात आधी घेतला होता. त्यावर काढलेला पहिला मोठा फोटो म्हणून त्यांनी तो दर्शनी लावला होता. संक्रांतीनंतरच्या जत्रेतला, भर उन्हातला. रसवंतीपुढं एक बाई पाठमोरी उभी आहे, डोक्यावर पदर, अंगावर मरून रंगाची झुळझुळीत साडी. तिच्यासमोर एक माणूस, तोंड तिच्या पदराआड गेल्यानं नुसते दात दिसणारा, रसाचा ग्लास पुढं करून हसतोय आणि तिनं हसता हसता त्याचं मनगट धरलंय. बाईचा चेहरा दिसत नव्हता, पण ती हसतेय हे तिच्या खांद्यावरून कळायचं. फोटो चांगलाच होता. हे लिहितानाही मला चीड येते, पण होता.

माझी धाकटी बहीण शोभा परतूरजवळच्याच एका गावात दिली होती. तिचा थोरला दीर कापूस घेऊन मोंढ्यात आला होता, त्यानं जाता जाता तो फोटो पाहिला. तशी मरून साडी त्यांच्या गावात एकच होती, शोभाची. भाऊबीजेला मीच घेतली होती. दीर गावी गेला आणि घरात गहजब झाला. शोभा म्हणाली, मी जत्रेला गेलेच नाही. ते खरंही होतं. जत्रेच्या दिवशी सासू, नवरा, दीर, थोरली जाऊ, तिची दोन मुलं, सगळे बैलगाडीनं गेले होते आणि शोभा एकटी घरी राहिली होती, कारण शेळी व्यायला आली होती. संध्याकाळी सगळे परत आले तेव्हा गोठ्यात दोन पिल्लं होती. शोभानं ते सांगितलं, तर सासू म्हणाली, शेळ्या आपापल्याच व्यातात, त्याला तू कशाला पाहिजे? नवऱ्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिची पेटी आणि ती, दोघींना एस्टीत बसवून दिलं. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथं आईजवळ ती येऊन राहिली.

मी आणि दोघं शेजारी तिच्या सासरी जाऊन आलो. दीर एकच बोलायचा, "माणूस खोटं बोलंल. फोटो खोटं बोलतो काय?"

म्हणून मी काच फोडली.

उस्ताद म्हणजे फार मोठे कलावंत वगैरे नव्हते. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे ते निम्मं कौतुकानं आणि निम्मं टर उडवायला. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, आवाज मात्र शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाच्या तोंडावर पावडर दिसली की त्याला मागच्या नळावर तोंड धुवायला पाठवायचे. लग्नातल्या नवरीच्या बापानं "जरा गोरी येऊ द्या" म्हटलं, की कॅमेरा पिशवीत घालून मांडवातून चालू लागायचे. दुसऱ्या स्टुडिओत ताजमहालाचे, कारंज्यांचे पडदे असायचे, यांच्याकडं नुसती चुना दिलेली भिंत. एका मास्तरांनी गालावरचा मस पुसून द्या म्हटलं, तर उस्तादांनी त्यांना विचारलं, तुमची बायको मस पुसून झोपते का तुमच्याजवळ? मास्तर पुन्हा आले नाहीत. असं करूनही दुकान चालायचं, कारण त्यांनी काढलेल्या फोटोत माणूस ओळखू यायचा.

काळ्या रंगाचं त्यांना वेड होतं. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. सगळा कळप काळा. कळपात दुसऱ्याचं मेंढरू शिरलं तर ते नुसत्या लोकरीच्या काळेपणावरून ओळखायचं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. घोंगडीचं काळं वेगळं, शेळीचं वेगळं, तव्याचं वेगळं, आणि हे सगळे वेगवेगळे दिसले नाहीत तर तो फोटो नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवसांत मी त्यांच्या दुकानावरून सकाळ-संध्याकाळ जायचो आणि दोन्ही वेळा त्या फोटोकडं बघायचो. त्यांनी तो काढला नाही. मीही पुन्हा काच फोडली नाही. रात्री मात्र मनातल्या मनात रोज फोडायचो.

दीडएक वर्षानं वकिलांची भानगड झाली.

तालुक्याच्या कोर्टातले एक न्यायाधीश बदलून चालले होते. निरोपाचा ग्रुप फोटो कोर्टाच्या पायऱ्यांवर, सकाळच्या उन्हात काढला. वीस-बावीस वकील, सगळे काळ्या कोटात. फोटो छापून आला तेव्हा सात-आठ कोट काळे होते आणि बाकीचे जांभळाच्या रंगाचे. एक तर थेट वांग्यासारखा. सगळ्यात ज्येष्ठ वकिलांनी फोटो टेबलावर आपटला आणि विचारलं, आम्ही काय बँडवाले आहोत का?

उस्ताद जालन्याच्या कलर लॅबमध्ये जाऊन भांडले. लॅबवाल्यानं दुसऱ्यांदा छापून दिलं, कोट जांभळेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, कॉम्प्युटरवर काळे करून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. उस्तादांनी त्याला तिथंच शिव्या दिल्या. एका वकिलाचा कोट मागून आणला, दुकानामागच्या दोरीवर टांगला आणि चार दिवस त्याचे फोटो काढत बसले. सावलीत, उन्हात, बल्बखाली, ट्यूबलाइटखाली. ट्यूबखाली कोट काळा यायचा, उन्हात आणि बल्बखाली जांभळा. लग्नाची तारीख दिलेले लोक येऊन परत गेले. वकील कोट मागायला आले तर त्यांनाच दम दिला. पाचव्या दिवशी कॅमेरा घेऊन औरंगाबादला एका जुन्या कॅमेरा-मेकॅनिककडं गेले आणि रात्रीच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात माझ्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाले, "बाहेर ये. काम आहे."

मी म्हणालो, पोस्टाचं काम असेल तर इथंच सांगा.

"तुझ्या बहिणीचं काम आहे."

पोस्टाच्या मागं लिंबाखाली त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. लाल रंगाच्या पलीकडं एक उजेड असतो, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. उन्हात असतो, बल्बात असतो, चुलीच्या निखाऱ्यात असतो. डिजिटल कॅमेऱ्याला तो दिसतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आत तो उजेड अडवायला एक काच बसवलेली असते. ह्यांच्या कॅमेऱ्यात ती काच कच्ची होती. काही काळे रंग तो उजेड गिळतात, ते काळेच येतात. काही परत फेकतात, सिंथेटिक कापड तर बहुतेक परत फेकतं. ते कापड फोटोत जांभळं येतं, नाही तर मरून.

मी ऐकत होतो. माझ्या डोक्यात ते हळूहळू उतरत होतं.

"फोटोतली ती साडी काळी असू शकते," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीची मरून मी अजून पाह्यली न्हाई. पण ती ती साडी न्हाई, असं मला वाटून राह्यलं."

मी त्यांची कॉलर धरली. दीड वर्ष, मी म्हणालो. दीड वर्ष ती पोरगी गावात खाली मान घालून पाणी भरतेय, आणि तुम्ही आता सांगताय? त्यांनी कॉलर सोडवून घेतली नाही.

"मी खात्रीनं बोललो व्हतो. खात्री असायचं काही कारण नव्हतं मला. फोटो खाली घेतलाय."

मला लगेच शोभाच्या सासरी जायचं होतं, त्याच संध्याकाळी. उस्तादांनी साफ नाही म्हणून सांगितलं. तोंडानं सांगून कोण ऐकणार? लेन्सच्या तोंडावर बसवायची एक काच मिळते, ती हा नको असलेला उजेड बाहेरच परतवते. ती मुंबईहून मागवायची आणि लोकांच्या डोळ्यांसमोर दोन फोटो काढायचे, एक काचेशिवाय, एक काच लावून. त्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही, म्हणाले. ह्याला तीन महिने लागले. तीन महिने मी त्यांना रोज जाऊन विचारायचो आणि ते रोज माझ्यावर ओरडायचे, पार्सल तुमच्याच पोस्टात येणारय, मला काय विचारतोस?

त्या तीन महिन्यांत गावात ते वेडे ठरले. शर्टाच्या खिशात टीव्हीचा रिमोट घेऊन फिरायचे. घरात टीव्ही नव्हता, रिमोट कुठून तरी मागून आणलेला. कोणाकडं डिजिटल कॅमेरा दिसला की रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबायचे आणि फोटो काढायला लावायचे. रिमोटच्या टोकाला डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण कच्च्या कॅमेऱ्यात तिथं पांढरा-जांभळा ठिपका उमटतो. ठिपका उमटला की ते त्या माणसाला तोंडावर सांगायचे, तुझा कॅमेरा हरामखोर आहे, याच्यावर भरवसा ठेवू नको. एका लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरला भर मांडवात असं सांगितलं, तेव्हा मारामारीच व्हायची राहिली. कापडाच्या दुकानांत जाऊन काळ्या कापडाचे तुकडे मागायचे. दुकानाच्या मागं दोरीवर पंचवीस-तीस काळे तुकडे टांगलेले असायचे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. वकिलांनी दुसरा फोटोग्राफर धरला. लग्नाची कामं निम्मी झाली. मुलगा जालन्याला सळयांच्या कारखान्यात होता, तो येऊन समजावून गेला, त्यालाही हाकलून दिलं.

पार्सल आलं ते माझ्याच हातात. आत एका चपट्या डबीत, फडक्यात गुंडाळलेली, धातूच्या कड्यात बसवलेली गोल काच. सरळ धरली तर साधी, जराशी हिरवट. तिरकी केली की तिच्यावर लालसर झाक यायची. एवढ्याशा काचेसाठी मी तीन महिने थांबलो होतो. उस्तादांनी ती लेन्सवर फिरवून बसवली, रिमोटचा फोटो काढला, ठिपका गेला. दोरीवरच्या तुकड्यांचा काढला, सगळे काळे. आणि काळ्यातले सगळे काळे वेगळे. ते खाली बसले आणि बराच वेळ कॅमेऱ्याच्या मागच्या त्या छोट्या पडद्याकडं बघत राहिले.

मग चार दिवसांनी त्यांनी जत्रेचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. साडीच्या काठाला दोन पट्ट्या होत्या आणि मध्ये बारीक रुईफुलं. शोभाच्या साडीचा काठ एका पट्टीचा. मला ओरडावंसं वाटलं. ह्याहून वेगळा पुरावा कशाला पाहिजे? उस्ताद म्हणाले, "काठाचं तिथं बिलकुल बोलायचं न्हाई. रंगाचंच बोलायचं." का, विचारलं तर कॉम्प्युटर बंद केला. आणखी आठ दिवस थांबायला लावलं आणि मग एका सकाळी मला मोपेडवर मागं बसवून ते शोभाच्या सासरी निघाले.

अंगणात गावातले पाच-सहा जण जमले. सासू ओट्यावर, शोभाचा नवरा खांबाला टेकून उभा, थोरला दीर बाजेवर. थोरली जाऊ दारात, तिची दोन्ही मुलं तिच्या पदराला. उस्तादांनी पिशवीतून दोन काळ्या साड्या काढल्या, दोरीवर उन्हात टाकल्या आणि काचेशिवाय फोटो काढला. कॅमेरा दिरापुढं धरला. पडद्यावर दोन्ही साड्या मरून.

दीर हसला. "कॉम्प्युटरच्या जमान्यात काय वाट्टेल ते करता येतं. साड्या तुमच्या, कॅमेरा तुमचा. बनवून आणल्या असतील."

फोटो बहिणीच्या विरुद्ध होता तेव्हा तो खोटं बोलत नव्हता, आणि आता बाजूनं बोलायला लागला तर बनवलेला. मी पुढं झालो, पण उस्तादांनी मला हातानं मागं केलं. तेवढ्यात दीर उठून बायकोला म्हणाला, "तुझी संक्रांतीची काळी आण. घरच्या साडीवर दाखवू द्या."

थोरली जाऊ हलली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं साडी घेऊन आली. मी साडीकडं पाहिलं. काठाला दोन पट्ट्या, मध्ये बारीक रुईफुलं.

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. दोन वर्षं ही बाई ह्याच दारात उभी राहून बघत होती. माझी बहीण पेटी घेऊन निघाली तेव्हाही ती इथंच उभी असणार. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलंय. तिचा धाकटा मुलगा तिचा पदर ओढत भूक लागली म्हणत होता.

उस्तादांनी माझ्या हातात लेन्सची काच दिली. "धर हे. खाली पडू देऊ नको." मग साडी घेतली, काठ आत जाईल अशी दुमडली आणि दोरीवर टाकली. अगदी जवळून फोटो काढला, नुसत्या अंगाचा. पडद्यावर मरून. माझ्याकडून काच घेऊन बसवली, पुन्हा काढला. काळी. दिराला दिलं, सासूला दिलं, जमलेल्या प्रत्येकाला हातात धरून दाखवलं.

"जत्रेत निम्म्या बायका काळ्या साडीत व्हत्या," उस्ताद म्हणाले. "मी पाह्यल्यात. संक्रांतीनंतरचे दिवस. ह्या कॅमेऱ्यानं सगळ्या मरून केल्या. तुमची सून तिथं नव्हती. दोष कॅमेऱ्याचा आन् तो वापरणाऱ्याचा, म्हंजे माझा."

दीर म्हणाला, तो जत्रेचा फोटो दाखवा, ह्याच्याशेजारी ठेवून बघू.

"फाडून टाकला. खोटा फोटो कशाला ठेवायचा?"

फोटो त्यांच्या पिशवीत होता. निघताना मी स्वतः पाहिला होता.

परतताना अर्ध्या वाटेत मी त्यांना मोपेड थांबवायला लावली. तुम्ही खोटं बोललात, म्हणालो. त्यांनी हो म्हटलं. तुम्हाला पावडर चालत नाही, मस पुसलेला चालत नाही, आणि ही एवढी मोठी गोष्ट तुम्ही दुमडून टाकलीत? तुम्हाला आधीपासून माहीत होतं? ते पिशवीचा बंद आवळायला लागले. मी विचारलं, माझ्या बहिणीची दोन वर्षं गेली त्याचं काय? त्या बाईनं एक शब्द बोलायला नको होता का?

"माझ्या हातानं एक घर मोडलं," ते म्हणाले. "दुसरं माझ्या हातानं मोडणार न्हाई. तुला मोडायचं असंल तर जा परत. मी आडवा येत न्हाई."

मी परत गेलो नाही. पण त्यांच्या मागंही बसलो नाही. परतूरपर्यंत चालत आलो आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. ह्या माणसानं खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा नेमकं माझ्या बहिणीच्या वेळी ठरवलं, असं माझ्या मनात बसलं.

पंधरा दिवसांनी शोभाची सासू आणि नवरा तिला न्यायला आमच्या गावी आले. मीही गेलो होतो. सासू म्हणाली, फोटोनं फसवलं माय, आम्ही तरी काय करावं? शोभानं चहा दिला, कपबशा उचलल्या आणि मग बोलली.

"फोटो मरून निघाला म्हणून घालवलंत. काळा निघाला म्हणून न्यायला आलात. उद्या कोणी तिसरा कॅमेरा घेऊन आला म्हंजे? मी येत न्हाई."

नवरा तेव्हाही गप्पच होता. आई रडली, मी रागावलो. एवढं करून तुला सोडवलं आणि तू नाही म्हणतेस? पुढं तिनं राहिलेली बारावी केली आणि कुंभार पिंपळगावला अंगणवाडीत लागली. आजही तिथंच आहे.

उस्तादांचं दुकान त्यानंतर चार वर्षं चाललं. नंतर-नंतर पक्क्या काचेचे कॅमेरे आले, पण ते आपल्या जुन्याच कॅमेऱ्यावर ती गोल काच लावून फोटो काढायचे आणि गिऱ्हाइकावर ओरडायचे. मी रोज दोनदा समोरून जायचो. ते कधी दारात असले तर माझ्याकडं बघायचे. मी मान वळवायचो. एकदा रांगेत आले तेव्हा मी शेजारच्या खिडकीवर पाठवलं.

ते गेले तेव्हा मी मातीला गेलो नाही. त्या दिवशी दुपारी शोभा एस्टीनं परतूरला आली, एकटी, आणि आधी त्यांच्या घरी गेली. तिथून माझ्याकडं आली. दारातच विचारलं, तू का नव्हतास? मी माझं कारण सांगितलं. साडीचा काठ, दुमडलेली साडी, पिशवीतला फोटो, सगळं. इतकी वर्षं तिला सांगितलं नव्हतं, तिला त्रास नको म्हणून.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत व्हतं, ती जाऊबाई हाय म्हणून," ती म्हणाली. "तो तिचा मामेभाऊ. शेताच्या भांडणावरनं तिच्या नवऱ्यानं त्याला उंबरा बंद केल्ता. जत्रेत भेटला, रस पाजला, त्याच रात्री तिनंच मला सांगितलं व्हतं. एवढंच."

मग मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

तिला राग आला होता. तिला इतका राग आलेला मी आधी पाहिला नव्हता, सासरचे आले त्या दिवशीही नाही. "मी पेटी घेऊन एस्टीतनं उतरले तेव्हा तू काय विचारलंस, आठव. 'तो माणूस कोण होता?' मी तिथं व्हते का, हे तू विचारलंच न्हाईस, दादा. आईनंबी न्हाई. तुमचं धरूनच चाललं व्हतं."

मला आठवलं. हेच विचारलं होतं.

"काच आली त्या आठवड्यात उस्ताद एकटे आमच्या गावी आल्ते. ओट्यावर बसले आन् म्हन्ले, माय, तू व्हतीस का तिथं? मी न्हाई म्हन्लं. ते बरं म्हन्ले. मंग मी त्यांना सगळं सांगितलं. जाऊबाईचं नाव निघू देऊ नका, तिला दोन लेकरं हायेत, हे मीच सांगितलं. तुलाबी कळू देऊ नका म्हन्लं, तू तिथं जाऊन ओरडला असतास."

चार वर्षं ते माझ्यासमोर दारात उभे राहायचे. त्यांनी एकदा तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. उघडलं नाही, म्हणून मला त्यांचा आजही राग येतो, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही.

बायकोनं शोभाला चहाचा आग्रह केला, ती थांबली नाही. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. आम्ही दोघं शेजारी बाकावर बसलो होतो. एवढ्या वर्षांत ती कशी राहिली, तिला काय वाटलं, हे तरी मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी कंडक्टरला विचारलं, गाडी किती वाजता सुटणार.